उंबरठ्याच्या आत आणलेला जीव

वाचकहो, तुमच्या दारात राखणीचा कुत्रा आहे आणि घरातील मूल मांजरीचे पिल्लू आणण्याचा हट्ट धरून बसले आहे. तुम्ही काय कराल? प्रश्न इतका लहान वाटतो की त्याचा धर्माच्या दृष्टीने विचार करावा, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. कुत्र्याविषयी आपल्याकडे विचारले जाते ते पाकी-नापाकीपुरते. मांजरीविषयी तेवढेही नाही, कारण ती पाक आहे हे सर्वांना ठाऊक असते. परंतु एका बलवान जिवाच्या आवाक्यात एक दुर्बल जीव आपण स्वतःच्या हाताने आणून ठेवतो, तेव्हा त्या दोघांसंबंधी आपल्यावर कोणते उत्तरदायित्व येते, हा प्रश्न पाकीच्या प्रश्नाहून निराळा आहे आणि माझ्या मते अधिक जड आहे. तो मला कोणत्याही ग्रंथातून सुचला नाही. माझ्याच अंगणात घडलेल्या एका गोष्टीने तो माझ्यापुढे उभा केला.

आमची वस्ती गावापासून दूर, शेतात आहे. दहा-बारा शेळ्या, खुराड्यात कोंबड्या आणि त्यांच्या राखणीला एक कुत्रा. शेती, जनावरे आणि शिकार यांसाठी कुत्रा बाळगण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मुभा दिली आहे. या गरजेवाचून तो पाळणाऱ्याच्या पुण्यातून दररोज घट होते, असेही हदीसमध्ये आले आहे. त्यामुळे त्याच्या असण्याविषयी माझ्या मनात किंतु नव्हता. तो ओसरीवर चढत नसे. त्याची भाकरी वेगळ्या भांड्यात, त्याची जागा गोठ्याच्या तोंडाशी.

माझ्या मुलीने गावातील पिठाच्या गिरणीतून एक पिल्लू आणले. ओंजळीत मावेल एवढे. ते आईपासून किती दिवसांनी वेगळे झाले, हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते, कारण मांजरीचे पिल्लू निदान आठ आठवडे आईजवळ राहिले पाहिजे. खाणे, लपणे, घाबरणे, पंजा मारणे हे सारे ते आईकडून आणि भावंडांकडूनच शिकते. मुलीने विचारले, "अब्बा, कुत्रा हिला काही करणार नाही ना?" मी म्हणालो, "दोन दिवसांत ओळख होईल." आणि ओळख व्हावी म्हणून मीच ते पिल्लू अंगणात, कुत्र्यापासून चार हातांवर ठेवले. पिल्लू घाबरून पळाले. त्यापुढचे सांगायला एक वाक्य पुरे आहे: कुत्र्याने त्याला मानेजवळ धरून एकदा झटकले.

ते लगेच मेले नाही. असरपासून मगरीबपर्यंत ते मुलीच्या ओढणीत होते. मी त्या वेळात काय केले? काठी घेतली आणि कुत्र्याला मारले. तो पळाला नाही. जमिनीला पोट लावून पडून राहिला आणि मार खात राहिला.

रात्री इशाच्या नमाजनंतर मला आठवले की महिन्यापूर्वीच कोंबड्यांवर आलेल्या रानमांजराला याच कुत्र्याने असेच हुसकावले होते. तेव्हा मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता, त्याला दूध-भाकरी घातली होती. अंगणात शिरून पळू लागणाऱ्या लहान जनावराच्या मागे धावावे, हे मीच त्याला शाबासकी देऊन शिकवले होते. त्या संध्याकाळी त्याने माझीच आज्ञा पाळली आणि मी त्याला शिक्षा केली. म्हणजे एकाच दिवशी माझ्या हातून दोन जिवांवर अन्याय झाला. एक मेला, दुसरा लंगडत गोठ्यात गेला.

यावर तुम्ही म्हणाल, आणि गावात अनेक जण म्हणालेही, की तुमचा हेतू वाईट नव्हता. अमलांचा आधार नियतीवर आहे, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. हे खरेच आहे. पण या हदीसचा आधार आपण कोठे घेतो, हे पाहिले पाहिजे. चांगली नियत कृतीला मोल देते. जे जाणून घेणे आपल्याला शक्य होते, ते न जाणण्याची सवलत ती देत नाही. वैद्यकाचे ज्ञान नसता जो उपचार करतो तो होणाऱ्या हानीला जबाबदार आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितल्याचे सुनन अबू दाऊदमध्ये आले आहे. त्या मनुष्याचा हेतूही रोगी बरा व्हावा हाच असणार. तरी भरपाई त्याच्यावर आहे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी उंट बांधण्यास आणि मग भरवसा ठेवण्यास सांगितले. मी कुत्रा बांधला नव्हता. माझ्या 'ओळख होईल' या शब्दांत तवक्कुल नव्हता. ती आळसाला दिलेली चांगली शाल होती.

आता त्या स्त्रीची हदीस पाहा, जी आपण सर्वांनी ऐकली आहे. तिने मांजर बांधून ठेवली आणि त्यासाठी तिला शिक्षा झाली. आपण ही हदीस क्रौर्याचे उदाहरण म्हणून सांगतो आणि 'आम्ही तसे नाही' असे म्हणून पुढे जातो. पण तिच्यातील दोषारोप कसा मांडला आहे, ते ध्यानात घ्या. तिने मांजरीला स्वतः खाऊ घातले नाही आणि जमिनीवरचे किडे-जीव मिळवून खाण्यास मोकळेही सोडले नाही. दोष दुहेरी आहे. मांजर मोकळी असती तर तिने आपले पोट भरले असते. अल्लाहने तिला दिलेले साधन त्या स्त्रीने काढून घेतले आणि त्याच्या बदल्यात काही दिले नाही.

माझ्या मते संपूर्ण प्रश्नाची किल्ली येथे आहे. गिरणीतल्या त्या पिल्लाजवळ काय होते? आई होती, पोत्यांच्या थप्प्या होत्या, यंत्रामागचा अंधारा कोपरा होता, भिंतीतील भोक होते. कुत्रा आला असता तर ते कोठे शिरायचे, हे त्याला ठाऊक होते. आम्ही त्याला प्रेमाने उचलले आणि सारवलेल्या मोकळ्या अंगणात आणून ठेवले, जेथे त्याच्या ओळखीचे एकही भोक नव्हते. त्याच्या बचावाचे साधन आम्ही काढून घेतले. आम्ही ते बांधले नव्हते, हे खरे. पण कोठे पळावे हे ज्याला ठाऊक नाही, तो जीव बांधलेलाच असतो. म्हणून प्राणी घरी आणणे म्हणजे केवळ दया करणे नव्हे. ते एक देणे अंगावर घेणे आहे. जे आपण त्याच्यापासून घेतले, त्याच्या बदलीचे आपण द्यायचे: आईच्या जागी ऊब, भोकाच्या जागी उंच फळी, अंधाऱ्या कोपऱ्याच्या जागी बंद होणारे दार.

हा विचार मला नवा वाटला होता, पण तो नवा नाही. इस्लामी इतिहासातील मोठे शाफई फकीह इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांचे निधन हिजरी 660 मध्ये, म्हणजे इ.स. 1262 मध्ये झाले. त्यांनी 'कवाइदुल अहकाम' या ग्रंथात मनुष्यावर असलेले जनावरांचे हक्क मोजून सांगितले आहेत. जनावर म्हातारे किंवा आजारी होऊन निरुपयोगी झाले तरी त्याचा खर्च करावा, त्याच्यावर शक्तीबाहेर भार टाकू नये, त्याची बसण्या-विसाव्याची जागा चांगली ठेवावी, त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या पिलांची कत्तल करू नये, असे ते लिहितात. आणि याच यादीत एक हक्क असा आहे की, जे त्याला शिंग मारील, त्याचे हाड मोडील किंवा त्याला जखमी करील, अशा जनावरासोबत त्याला एकत्र ठेवू नये. मग ते जनावर त्याच्या जातीचे असो वा दुसऱ्या. साडेसातशेहून अधिक वर्षांपूर्वी दमास्कस आणि कैरो येथे राहिलेल्या या विद्वानाने माझ्या अंगणाचा निवाडा आधीच लिहून ठेवला होता. त्यांनी याला 'हक्क' म्हटले आहे, हेही पाहा. दया करणे न करणे आपल्या हाती असते, हक्क मात्र फेडावा लागतो.

कुत्र्याचे काय? त्याच्यावर शरिअतची बंधने नाहीत. तो मुकल्लफ नाही. कयामतच्या दिवशी शिंगे नसलेल्या मेंढीला शिंगे असलेल्या मेंढीकडून तिचा न्याय मिळवून दिला जाईल, असे सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये आहे. माझ्या मुलीने ती मदरशात ऐकली होती. तिने मला विचारले, "अब्बा, मग आपले पिल्लू त्या दिवशी न्याय कोणाकडे मागेल, कुत्र्याकडे की तुमच्याकडे?" मी उत्तर दिले नाही. अल्लाहचा न्याय कोणत्या रीतीने होईल, हे त्यालाच ठाऊक. पण शिंगे असलेल्या आणि नसलेल्या मेंढ्यांना एका वाड्यात कोंडणारा जर कोणी मनुष्य असेल, तर तो त्या हिशेबाच्या बाहेर उभा राहील, असे मला वाटत नाही. तुमच्यातील प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या राखणीतल्यांविषयी विचारले जाईल, या हदीसचा अर्थ आम्ही बायको-मुलांपाशी थांबवतो. प्रेषितांपुढे (स.) एका उंटाचे डोळे भरून आले, तेव्हा त्यांनी त्याच्या मालकाला बोलावून विचारले होते. ती विचारणा जनावराविषयीच होती.

येथे एक उपप्रकार सांगून टाकतो, कारण तो अलीकडे वाढला आहे. काही तरुण मोबाइलवर चित्रफीत काढण्यासाठी कुत्र्याला मांजरीवर सोडतात किंवा दोघांना एका खोलीत कोंडून 'मजा' पाहतात. जनावरांना एकमेकांवर चिथावण्यास मनाई असल्याची रिवायत अबू दाऊद आणि तिर्मिजी यांनी नोंदवली आहे. हदीसतज्ज्ञांनी तिच्या सनदेवर चर्चा केली असली, तरी तिच्या आशयाला विरोध करणारा फकीह माझ्या वाचनात नाही. हा खेळ नव्हे. या लेखात त्यावर याहून अधिक लिहिण्याची गरज नाही.

वर्षभर मी घरी मांजर येऊ दिली नाही. मग धान्याच्या पोत्यांत उंदीर झाले आणि मुलीची अम्मीच म्हणाली की मांजर हवी. या वेळी शेजारच्या वस्तीवरचे अडीच महिन्यांचे, स्वतः खाणारे पिल्लू आम्ही मागून घेतले आणि जे पहिल्या वेळी दोन दिवसांत उरकायचे ठरवले होते, त्याला सुमारे सात आठवडे दिले. ते कसे केले हे सविस्तर लिहितो, कारण हक्क फेडायचा तर तो कसा फेडावा हे ठाऊक असावे लागते.

पहिले दहा दिवस पिल्लू कोठीच्या खोलीत होते, दार बंद. आत पाणी, खाणे, मातीचे घमेले आणि भिंतीवर दोन फळ्या, ज्यांवर ते चढू शकेल आणि कुत्रा कधीच पोहोचणार नाही. या जनावरांची ओळख नजरेने नव्हे, वासाने सुरू होते. म्हणून पिल्लाच्या अंगाखालचे फडके कुत्र्याच्या जागेजवळ आणि कुत्र्याच्या जागेवरचे कोरडे पोते पिल्लाच्या दाराबाहेर ठेवले. नंतर दोघांना बंद दाराच्या दोन बाजूंना, आधी अंतर ठेवून, खायला दिले. एकाचा वास आला की पोट भरते, एवढे दुसऱ्याच्या मनात बसावे, हा त्यामागचा हेतू. मग दाराच्या जागी जाळी. कुत्र्याच्या गळ्यात साखळी, साखळी माझ्या हातात, पाच मिनिटे, तीही त्याला शेतात खूप फिरवून आणल्यावर.

त्या पाच मिनिटांत काय पाहायचे, हे मी पशुवैद्यकांना विचारून शिकलो. कुत्रा अंग ताठ करून, तोंड मिटून, टक लावून पाहत असेल आणि हाकेला मान वळवत नसेल, तर त्याला शांतपणे दूर न्यावे. ती शिकारीची नजर असते. तो इकडेतिकडे पाहत असेल, जमीन हुंगत असेल, अंग सैल टाकून बसत असेल, तर त्याला खाऊ द्यावा. पिल्लू फिसकारते, पाठीची कमान करते. त्याला रागावू नये. ती त्याची 'दूर राहा' म्हणण्याची भाषा आहे. कुत्रा गुरगुरला तरी त्याला मारू नये. गुरगुरणे मारून बंद केले तर तो पुढच्या वेळी न सांगता चावेल. आणि ज्याने मी पहिल्यांदा घात केला ते तर मुळीच करू नये, म्हणजे पिल्लू हातात धरून कुत्र्याच्या तोंडापुढे न्यायचे नाही. जवळ जायचे की नाही, ते पिल्लाने ठरवावे.

दोघांनाही रेबीजची लस आणि जंतांचे औषध द्यावे. पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. या गडबडीत कोणाला दात किंवा नख लागले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. हळद-चुना लावून घरी बसू नये.

या सर्व काळात मला एका गोष्टीचे फार भान ठेवावे लागले. पिल्लाचा हक्क कुत्र्याच्या वाट्यातून फेडायचा नाही. सर्वांत सोपा मार्ग होता कुत्र्याला दिवसभर साखळीला ठेवण्याचा, आणि अनेक घरांत हेच होते. नवे पिल्लू मांडीवर येते, मुले त्याच्याभोवती जमतात आणि दाराशी आठ वर्षे जागलेला जीव एका दिवसात परका होतो. गुहावासीयांची हकीकत सांगताना दिव्य कुरआनने उंबरठ्याशी पुढचे पाय पसरून बसलेल्या त्यांच्या कुत्र्याला वगळलेले नाही. मग आपण आपल्या उंबरठ्यावरच्याला का वगळावे? म्हणून आमच्याकडे नियम असा झाला की आधी कुत्र्याची भाकरी, त्याचे फिरणे, आणि मग पिल्लाची भेट.

पाकीविषयी थोडे. कुत्र्याची लाळ आपल्या हनफी मसलकात नापाक आहे. कोकणातील आपले बंधुभगिनी बहुतांशी शाफई आहेत आणि त्या मसलकात कुत्र्याचे सर्व अंगच नापाक मानले जाते. मांजर मात्र घरात वावरणारी आहे, म्हणून तिच्या बाबतीत सवलत आहे. ह. अबू कतादा (रजि.) यांनी वुजूच्या पाण्याचे भांडे मांजरीपुढे कलते केले आणि पाहून नवल करणाऱ्या सुनेला प्रेषितांचे (स.) सांगणे ऐकवले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पण ज्या मांजरीला कुत्र्याने नुकतेच चाटले आहे, ती ओल्या अंगाने जानमाजवर बसली तर? हा प्रश्न ज्या घरात दोन्ही जनावरे मैत्रीने राहू लागतात, तेथेच पडतो. मसलकानुसार उत्तरात फरक पडेल, म्हणून आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. आम्ही जानमाज पेटीत ठेवतो आणि नमाजच्या खोलीचे दार लावतो. शंका राहत नाही आणि जनावरांवर ओरडावेही लागत नाही.

शहरात सदनिकेत केवळ हौस म्हणून कुत्रा ठेवणाऱ्यांना मांजरीच्या आधीचा प्रश्न सोडवावा लागेल, हे उघड आहे. पण हा लेख वाचून कोणी उद्याच आपला कुत्रा गाडीतून नेऊन दूरच्या रस्त्यावर सोडून येऊ नये. आठ वर्षे हाताने खाल्लेला जीव रस्त्यावर टाकणे ही तौबा नव्हे. एका चुकीवर दुसरी रचणे आहे. त्याच्यासाठी शेत-वस्तीवरचे घर शोधा, आणि सापडेपर्यंत त्याचा खर्च तुमच्यावर आहे.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. काही कुत्र्यांच्या बाबतीत यांपैकी काहीच साधत नाही. महिने घालवले तरी त्यांची ती नजर बदलत नाही. अशा घराने मांजर आणू नये. मूल रडेल, रडू द्यावे. ह. अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाचा लहान पक्षी मेला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या मुलाची प्रेमाने विचारपूस केली होती. मुलाने जीव पाळावा, त्याच्यावर माया करावी, त्याच्यासाठी दुःखही करावे, याला आपल्या धर्मात जागा आहे. पण मुलाचे दुःख टाळण्यासाठी दुसऱ्या जिवाचा मृत्यू ओढवून घेण्याला नाही. माझ्या मुलीला 'नाही' म्हणण्याचे धैर्य मी पहिल्या वेळी दाखवले असते, तर ती एक दिवस रुसली असती. आज तीन वर्षे झाली, ती ओढणी तिने पुन्हा वापरलेली नाही.

मांजर आता मोठी आहे. हिवाळ्यात दुपारी कुत्रा उन्हात पडलेला असतो आणि ती त्याच्यापासून हातभर अंतरावर येऊन बसते. तो एक डोळा उघडतो आणि मिटतो. पाहुणे म्हणतात, किती छान मैत्री आहे. मी काही म्हणत नाही. इशानंतर मुलगी कोठीच्या खोलीत मांजरीला घेते आणि कडी लावते, मग मी बाहेरून एकदा दार ओढून पाहतो आणि कुत्र्याची साखळी सोडतो.